शाई वाळायच्या आत

सदरमध्ये, गल्लीच्या तोंडाशी, दातांचा दवाखाना होता.
डॉक्टरांचं आडनाव हो.
नाव हो, पण गोड खाऊ का विचारलं की नाहीच म्हणायचे,
तेही अस्सल नागपुरीत: "काहून खाता जी?"

बाकावर बसलं की समोर भिंतीवर
काळ्या शाईचं एक गवताचं पातं, त्यावर नाकतोडा.
बस.
बाकी कागद कोरा सोडलेला,
जसा कोणी चहा प्यायला म्हणून उठला
आणि परत आलाच नाही.

मी पाटबंधारे खात्यातला ड्राफ्ट्समन.
चौतीस वर्षं धरणं काढली,
सांडव्याची पायरी न् पायरी, दाराचा बोल्ट न् बोल्ट.
चुकलं की ब्लेडनं खरवडायचं,
नखानं घासून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा.
पाण्यालासुद्धा आमच्याकडे ठरलेली खूण होती:
उलटा त्रिकोण,
खाली आखूड होत गेलेल्या तीन रेघा.

मला ते चित्र कामचुकार वाटलं.
दाढ ठणकत असताना माणूस असाही फार उदार नसतो.

तिसऱ्या खेपेला, अर्धा जबडा बधिर,
लक्षात आलं, पातं वाकलंय.
किती?
नाकतोड्याच्या वजनाइतकं.
भाराची गणितं मी पानंच्या पानं पाहिलेली,
खाली सायबांची हिरवी सही.
इथं भार कुठंच मांडला नव्हता.
फक्त वाक होता,
आणि तो एकदाच, न उचललेल्या हातानं.

"कोणी काढलं?" मी विचारलं.
तोंडात कापूस, त्यामुळे नुसते स्वरच बाहेर पडले,
पण दातांच्या डॉक्टरांना स्वर पुरतात.
"आत्यानं. काढता काढता उठली, भात उतू जात होता."
"आं उअं का आई ए-अं?"
"पुरं?" डॉक्टर हो हसले.
"भात पुरा केला न तिनं."

आता दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.
चित्र कुठं गेलं, ठाऊक नाही.
मी निवृत्त. सीताबर्डीहून एक कुंचला आणला,
शाईची बाटली आणली,
आणि पहिल्याच कागदावर सवयीनं
उजव्या कोपऱ्यात चौकट आखली:
शीर्षक. प्रमाण. काढणारा. तपासणारा.
तो कागद फाडला.

मे महिना. कूलर नुसता गरगरतोय, पाणी संपलेलं.
शेचाळीस डिग्रीत शाईला धीर नसतो.
कुंचला बुडवून मी विचार करत बसलो, इथून की तिथून,
तेवढ्यात टोक वाळलं.
पुन्हा बुडवला, पुन्हा वाळलं.
अशी अकरा कागदांची माती.
चौतीस वर्षांत कोणी सायबानं
मला इतकी घाई केली नव्हती.

बांबू काढणार नव्हतो. बांबू त्यांचा.
खिडकीतून नाग नदी दिसते,
म्हणजे आम्ही तिला नदी म्हणतो, एवढंच.
काठावर बेशरम उगवलेली,
कोणी लावली नाही, कोणाला विचारलं नाही,
या उन्हातही जांभळी फुलं घेऊन उभी.

बाराव्या कागदावर हात निघाला.
मी काढला असं नाही म्हणणार. निघाला.
अर्धवट सुकलेला कुंचला खरखरत वर गेला
आणि रेघेच्या पोटात पांढऱ्या शिरा राहून गेल्या,
पोकळ.
बेशरमीची काडी आतून पोकळच असते.
हे मला माहीत होतं, लहानपणी मोडून पाहिलेल्या.
हाताला माहीत आहे हे माहीत नव्हतं.

ब्लेड कपाटात होतं.
उठलो नाही.

कुमुदिनी टरबुजाच्या फोडी घेऊन आली.
"हे आपल्या नाल्यावरचं ना?" म्हणाली,
आणि ताटली ठेवली थेट कागदावरच.

उचलली तेव्हा झाडाच्या बुडाशी
एक ओलं कडं उमटलं होतं, हळूहळू पसरत.
उलटा त्रिकोण नाही, तीन रेघा नाहीत.

पाणी.